नवरा म्हणतो, आपल्याच आईचं करायचे पैसे कसले मागायचे? आणि सरकार तर सगळं कापतंय. केअरर्स अलाउन्सचा अर्ज करू की नको?

पत्र (२०२५ च्या अखेरचं, थोडं छोटं करून): ताई, मी इंग्लंडमध्ये स्लावला (Slough) राहते, वय ४७. घरात मी, नवरा, कॉलेजला जाणारा मुलगा आणि सासूबाई. त्या ७६ वर्षांच्या आहेत, ब्रिटिश पासपोर्ट आहे, मला आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्ट्रोक झाला, उजवा हात चालत नाही, आता डिमेन्शियाचंही निदान झालंय. रात्री दोन-तीनदा उठते मी त्यांच्यासाठी. फार्मसीत काउंटरवर फुल टाइम होते, ते कमी करून आठवड्याला १६ तास केलंय, तासाला १२.२१ पौंड मिळतात. मैत्रीण म्हणाली केअरर्स अलाउन्स घे, म्हणजे आजारी माणसाचं करणाऱ्याला सरकारकडून मिळणारा भत्ता. नवरा म्हणतो आपल्याच आईचं करायचं आणि सरकारपुढे हात पसरायचा, लोक काय म्हणतील. ओळखीतल्या एकीला तर चार हजार पौंड परत भरा असं पत्र आलंय, त्यामुळे मला धडकीच भरलीये. टीव्हीवर रोज कपात कपात ऐकते, मग आता अर्ज करून उपयोग आहे का? की नोकरी पूर्ण सोडून देऊ? नणंद शनिवार-रविवार येऊन करते, ती म्हणते मग मीपण अर्ज टाकते. मॅनेजर डिसेंबरमध्ये दोन जादा शिफ्ट मागतोय आणि फेब्रुवारीत पुण्याला लग्नासाठी सहा आठवडे जायचंय. डोकं चालत नाहीये.

उत्तर:

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तू एवढे सगळे प्रश्न विचारलेस पण स्वतःची झोप किती होते ते कुठेच लिहिलं नाहीस. रात्री दोन-तीनदा उठून सकाळी काउंटरला उभी राहतेस. ते आधी नोंदवून ठेवते कारण फॉर्ममध्ये हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरणार आहे आणि तू तिथेही लिहायची विसरशील अशी मला खात्री आहे.

अर्ज कर. हे माझं उत्तर. पण केअरर्स अलाउन्सचा अर्ज आधी नाही करायचा, आधी सासूबाईंच्या नावाने अटेंडन्स अलाउन्सचा करायचा, कारण तुझी मैत्रीण अर्धीच गोष्ट सांगून गेलीये. केअरर्स अलाउन्स तुला तेव्हाच मिळतो जेव्हा तू जिचं करतेस त्या माणसाला आजारपणाचं ठराविक बेनिफिट मिळत असतं. पेन्शनच्या वयानंतर सुरू झालेल्या आजारपणाला ते म्हणजे अटेंडन्स अलाउन्स. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही म्हणजे दोन वर्षं झाली, स्ट्रोक झाला, हात गेला, आणि त्यांच्या हक्काचा एक पौंडसुद्धा घरात आलेला नाही. सहा महिने मदतीची गरज असली की त्या पात्र होतात. २०२५-२६ या वर्षी दिवसाची किंवा रात्रीची अशी एकाच वेळची गरज असेल तर आठवड्याला ७३.९० पौंड, आणि दिवसा पण आणि रात्री पण लागत असेल तर ११०.४० पौंड. टॅक्स नाही, बँकेत किती साठलंय ते बघत नाहीत, मुलगा किती कमावतो ते बघत नाहीत. आणि हे पैसे सासूबाईंचे आहेत, तुझे नाहीत, त्यांनी ते कशावरही खर्च करावेत.

आता तुझ्या मिस्टरांच्या बोलण्याकडे येते, कारण मला वाटतं तू खरी अडलीयेस ती तिथेच. आपल्याच आईचं करायचं त्याचे पैसे कसले. हे वाक्य नुसतं आपल्या घरांतलं नाहीये गं, हे या देशाच्या कायद्यात होतं. १९७६ मध्ये इथे घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठी पहिला भत्ता सुरू झाला, त्याला तेव्हा इनव्हॅलिड केअर अलाउन्स म्हणायचे, आणि लग्न झालेल्या बाईला तो मिळत नव्हता. अविवाहित मुलीने नोकरी सोडून आईचं केलं तर मिळायचा, पुरुषाने केलं तर मिळायचा, पण लग्न झालेली बाई काय, ती घरीच असते, ती करणारच, असं धरून चालले होते सगळे. जॅकी ड्रेक नावाची मँचेस्टरजवळची बाई होती, तिने १९८४ मध्ये आईचं करायला नोकरी सोडली आणि तिला नाही म्हणाले, तर ती भांडत भांडत युरोपच्या कोर्टापर्यंत गेली आणि १९८६ च्या जूनमध्ये जिंकली. म्हणजे तुझ्या हातात येणारा पैसा हा कोणी दया म्हणून ठेवलेला नाही, एका लेकीने तो लढून मिळवलाय, आणि तेव्हाच्या नियमामागेही साधारण तोच विचार होता जो आज तुझे मिस्टर बोलून दाखवतात. त्यांना वाईट वाटावं म्हणून नाही सांगत, ते आईवरच्या प्रेमानेच बोलतायत. पण एकदा जेवताना शांतपणे विचार त्यांना की आईंसाठी मी आठवड्याचे २४ तास सोडले त्याचा पगार गेला तो कोणी दिला? तो तू दिलास. ४० तासांचे १६ झाले, २४ गुणिले १२.२१ म्हणजे २९३ पौंड आठवड्याला तुझ्या खात्यात येईनासे झाले. सरकारकडे हात पसरायचा नाही म्हणून घरातल्या सुनेच्या खिशात हात घातला गेला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मी हे इतकं ठासून सांगते कारण मी स्वतः अर्ज केला नव्हता. माझ्या मिस्टरांना पार्किन्सन्स होता, शेवटची चार वर्षं मी काम सोडून पूर्ण वेळ त्यांचं केलं, आणि एका ऑफिसमधल्या डेस्कवर मला सांगितलं गेलं की नवऱ्याला पेन्शन आहे ना मग तुम्हाला नाही मिळत. मी मान हलवून घरी आले. चूक होतं ते, साफ चूक, नवऱ्याच्या पेन्शनचा माझ्या अर्जाशी काही संबंधच नव्हता. कळलं तेव्हा ते गेलेही होते आणि मागचे पैसे फक्त तीन महिन्यांपर्यंतच मिळतात त्यामुळे दावा करायलाही काही उरलं नव्हतं. पैसे गेले ते गेले, पण त्या चार वर्षांचा नॅशनल इन्शुरन्सही (ज्या वर्गणीवर पेन्शन ठरतं ती) भरला गेला नाही, अलाउन्स घेतला असता तर त्याचं क्रेडिट आपोआप पडलं असतं. पूर्ण स्टेट पेन्शनला ३५ वर्षं लागतात, माझी ती चार रिकामी राहिली आणि आज दर महिन्याला माझ्या पेन्शनमध्ये ती दिसतात. त्या काळात कपातबिपात काही नव्हती. माझं कोणी कापलं नाही, मी मागितलंच नाही.

तर कपातीचं. तू ऐकतेस ते खोटं नाही पण सगळं एकात एक मिसळलंय. मार्च २०२५ मध्ये सरकारने बेनिफिटचा खर्च कमी करायचा आराखडा आणला, त्यात पिप म्हणजे कमी वयाच्या अपंग-आजारी लोकांना मिळणारं जे बेनिफिट आहे त्याचे निकष कडक करायचे होते. एकाच रोजच्या कामात किमान चार पॉइंट मिळाले पाहिजेत, इकडे दोन तिकडे दोन असे जमवलेले चालणार नाहीत, असं काहीसं. आता बघ याचा केअररशी संबंध कसा येतो, आजारी माणसाचं पिप गेलं की त्याच्या जिवावर असलेला केअरर्स अलाउन्सही जातो, एका फटक्यात घरातली दोन्ही उत्पन्नं बंद. सरकारच्याच अंदाजात होतं की यामुळे २०२९-३० पर्यंत दीड लाख केअररचे पैसे जातील. मला तेव्हा रात्ररात्र झोप नव्हती, माझ्याकडे त्या महिन्यात पत्रंच पत्रं आली. पण पुढे काय झालं ते लोक सांगत नाहीत. सत्ताधारी पक्षाच्याच १२० हून जास्त खासदारांनी विरोधात सही केली आणि १ जुलै २०२५ ला सरकारने ते कलम बिलातून काढून टाकायचं जाहीर केलं. मग पिपचा फेरविचार स्टीफन टिम्स या मंत्र्यांकडे दिला, तो झाल्याशिवाय निकष बदलणार नाहीत असं सांगितलंय. युनिव्हर्सल क्रेडिटमधला (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या बेनिफिटमधला) आजारपणाचा भाग मात्र खरंच कापलाय, एप्रिल २०२६ पासून बहुतेक नवीन लोकांना तो जवळजवळ निम्माच, ते दुःख खरं आहे आणि ज्यांच्यावर येणार आहे त्यांच्यासाठी माझा जीव तुटतो.

पण तुझ्या घराचं बघ. सासूबाईंचं पिप नाहीये, त्यांचा अटेंडन्स अलाउन्स असणार आणि तो या कपातीत कुठेच नव्हता. केअरर्स अलाउन्सची रक्कम आणि कमाईची मर्यादा, दोन्हींत एप्रिल २०२६ पासून उलट थोडी वाढच आहे. तरी उद्या कापतील म्हणून आज मागायचंच नाही असं करशील तर त्यांनी कापायच्या आधी तूच स्वतःचं कापून ठेवलंस. उद्या खरंच काही बदललं तर ज्यांना आधीपासून मिळतंय त्यांना सहसा काही मुदत, काही संरक्षण मिळतं, ज्यांनी अर्जच केला नाही त्यांना काय मिळणार.

आता फॉर्म. अटेंडन्स अलाउन्सचा फॉर्म फोन करून मागव, उद्याच, कारण फोन केलास ती तारीख धरतात, फक्त सहा आठवड्यांत भरून परत पाठवायचा. फॉर्म लांबलचक आहे, एका बैठकीत भरू नकोस. आणि सासूबाईंना समोर बसवून विचारत विचारत भरू नकोस, आपल्या पिढीच्या आधीच्या बायका मरायला टेकल्या तरी मी बरी आहे म्हणतात. एकटीला आंघोळ येते का, तर येते म्हणतील, तू टबमध्ये उतरवतेस, साबण लावतेस, पाय पुसतेस ते त्यांच्या हिशोबात येतच नाही. चांगल्या दिवसाचं लिहू नकोस, बऱ्याचदा जसं असतं तसं लिही आणि वाईट दिवसाचंही लिही. गोळ्या कोण देतं, दिल्या नाहीत तर काय होतं, गॅस चालू ठेवून गेल्या होत्या का, दार उघडून बाहेर गेल्या का, पडल्या का, कधी. एक वही कर आणि पुढचे पंधरा दिवस फक्त लिहून काढ, रात्री १.४० ला उठले, बाथरूमला नेलं, परत झोपवायला अर्धा तास, ३.५० ला परत हाका मारत होत्या. रात्रीची गरज मान्य व्हायला हेच लागतं, रात्रीत एकदाच बराच वेळ किंवा एकाहून जास्त वेळा उठावं लागतं हे दिसलं पाहिजे. जीपीचं (नेहमीच्या डॉक्टरचं) पत्र, मेमरी क्लिनिकचं पत्र, औषधांची यादी जोड. त्या सही करायच्या परिस्थितीत नसतील किंवा आपण कशावर सही करतोय ते कळत नसेल तर मिस्टरांना त्यांचा अपॉइंटी करून घेता येतं, म्हणजे त्यांच्या वतीने बेनिफिटचा व्यवहार ते बघतील. मला तर वाटतं हे त्यांनीच करावं. एकदा स्वतःच्या आईचा तो फॉर्म ओळीओळीने भरला ना की हात पसरण्याची भाषा आपोआप थांबते, मी बऱ्याच घरांत बघितलंय.

ते मंजूर झाल्याचं पत्र आलं की त्या दिवसापासून तीन महिन्यांच्या आत तुझा केअरर्स अलाउन्सचा अर्ज टाक. तीन महिन्यांच्या आत टाकलास तर सासूबाईंचे पैसे ज्या तारखेपासून सुरू झाले त्याच तारखेपासून तुझेही मागे जाऊन मिळतात. लांबवलंस तर तेवढं बुडतं, माझ्यासारखं.

तुझा अलाउन्स २०२५-२६ मध्ये आठवड्याला ८३.३० पौंड, एप्रिल २०२६ पासून ८६.४५. अट आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेण्याची, त्यात नुसतं भरवणं-आंघोळ नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवून घरात असणं, कपडे, डॉक्टरकडे नेणं, रात्रीचं उठणं सगळं येतं, तुझे ३५ कधीच उलटून गेलेत. ३५ तासांना ८३.३० म्हणजे तासाला २.३८ पौंड होतात, हे तुझ्या कामाचं मोल नाही हे मलाही माहितीये, आणि हे कमी आहे असं मी सगळ्यांना सांगत असते, खासदाराला लिहितेसुद्धा. नवऱ्याचा पगार, घरातली बचत यातलं काहीही बघत नाहीत. फक्त तुझी स्वतःची कमाई बघतात. आणि हा पैसा टॅक्सच्या उत्पन्नात धरतात. तुझ्या नोकरीचे वर्षाचे साधारण १०,१५९ आणि अलाउन्सचे ४,३३२ मिळून १४,४९० च्या आसपास जातं, १२,५७० च्या वरच्यावर २० टक्के म्हणजे वर्षाला ३८४ पौंड टॅक्स जाईल, आठवड्याला सात-साडेसात. म्हणजे हातात ७६ धर, ८३ चा हिशोब करून बसू नकोस. मात्र तुमच्या घरात युनिव्हर्सल क्रेडिट येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हा अलाउन्स पूर्णच्या पूर्ण वजा करतात पण केअररचा वेगळा भाग मिळतो, पत्रात तसं काही नाही म्हणून त्यात शिरत नाही.

नोकरी सोडू नकोस. अजिबात सोडू नकोस. ८३ साठी १९५ सोडायचे नसतात, आणि पैशांपेक्षाही, आठवड्यातले ते १६ तास तू कोणाची सून नसतेस, लोक तुला नावाने हाक मारतात, ते टिकव. आजारपण अजून किती वर्षं चालेल कोणाला माहीत, डिमेन्शियात ती वर्षं बरीच असतात, आणि पन्नाशीनंतर सोडलेली नोकरी परत मिळवणं किती अवघड ते तू काउंटरच्या त्या बाजूला उभी राहून बघतच असशील. अगदीच अडचण आली तर केअरर्स लीव्ह म्हणून वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजा २०२४ च्या एप्रिलपासून कायद्याने मिळते, पहिल्या दिवसापासून, मॅनेजरला नाही म्हणता येत नाही, फार तर पुढे ढकलता येते.

आता ते चार हजारवालं पत्र. ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. कमाईची मर्यादा २०२५-२६ मध्ये आठवड्याला १९६ पौंड आहे आणि ही उतरण नाहीये, सरळ कडा आहे, एक पौंड वर गेलं की त्या आठवड्याचा अख्खा अलाउन्स जातो, एक पौंड कमी असं नाही. लोकांना कळायचंच नाही, पगार थोडा वाढला, बोनस आला, मर्यादा ओलांडली, टॅक्स खात्याकडून तसा इशारा डीडब्ल्यूपीकडे, म्हणजे बेनिफिट देणाऱ्या सरकारी खात्याकडे, जायचा पण त्यातले कितीतरी इशारे वर्षानुवर्षं कोणी उघडून बघितले नाहीत आणि मग एके दिवशी सगळं एकदम वसूल करायला निघाले. आयाबायांची सेव्हिंग गेली, काहींवर केसेस झाल्या. सरकारने नेमलेल्या लिझ सेस यांनी याची चौकशी केली, तो अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला, आणि त्यातून उघड झालं की कमीजास्त होणाऱ्या पगाराची सरासरी कशी काढायची याच्या डीडब्ल्यूपीच्या स्वतःच्याच सूचना २०१५ पासून चुकीच्या होत्या. सरकारने ते मान्य करून जुनी प्रकरणं परत तपासायचं कबूल केलंय. तर तुझ्या ओळखीच्या बाईंना सांग की मुकाट्याने भरू नका, निर्णयाच्या पत्रापासून एका महिन्याच्या आत फेरविचार मागा, हिशोब कसा केला ते लेखी मागा, आणि जवळच्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला केंद्रात किंवा केअरर्स यूके या संस्थेच्या हेल्पलाइनला ते पत्र दाखवा. आणि भरायचंच ठरलं तरी हप्ता ठरवून मागता येतो.

तुझे १६ तास गुणिले १२.२१ म्हणजे १९५.३६. मर्यादा १९६. म्हणजे तू कड्यापासून ६४ पेन्सवर उभी आहेस बाई! हा योगायोग नाही, मर्यादा आता १६ तासांच्या किमान वेतनावरच बांधलीये, आणि एप्रिल २०२६ पासून किमान वेतन १२.७१, तशी मर्यादाही २०४. म्हणजे किमान वेतनावर १६ तास असशील तोवर आत आहेस. पण मॅनेजरने खूश होऊन तासाला पंधरा-वीस पेन्स जरी वाढवून दिले तरी बाहेर, म्हणून पगारवाढीचं पत्र आलं की आनंद नंतर कर, आधी गुणाकार कर. पगार महिन्याचा असेल तर ते त्याला १२ ने गुणून ५२ ने भागतात, म्हणजे १९६ च्या मर्यादेला महिन्याला साधारण ८४९ ही तुझी रेघ.

थोडी मोकळीक आहे ती वापर. पगाराच्या स्लिपवर पेन्शनची रक्कम कापलेली असेल तर त्यातली निम्मी कमाईत धरत नाहीत. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, तू कामावर असताना सासूबाईंजवळ बसायला पैसे देऊन कोणी ठेवलंस तर ते पैसेही कमाईतून वजा होतात, तुझ्या कमाईच्या निम्म्यापर्यंत. फक्त ती व्यक्ती जवळची नातेवाईक नको, नणंदेला दिलेले चालणार नाहीत. समज आठवड्याला चाळीस पौंड देऊन कोणाला तीन तास बसवलंस तर तुझी धरायची कमाई दीडशेच्या आसपास येते आणि मग आठवड्याला तीनेक जादा तास घ्यायलाही जागा होते. त्या पावत्या जप, सही-तारखेसकट.

डिसेंबरच्या दोन शिफ्टचं याच्यावरून ठरव. अलाउन्स अजून सुरू नाही म्हणून काय फरक पडतो असं वाटेल, पण तो मागच्या तारखेपासून मिळणार आहे म्हणजे डिसेंबरही बघितला जाणार. आठ-आठ तासांच्या दोन शिफ्ट म्हणजे १९५ पौंड मिळतील, आणि त्यापायी त्या महिन्याचा अलाउन्स, चार आठवड्यांचे ३३३, जाऊ शकतो. बदलीची बाई पैसे देऊन ठेवूनही कमाई मर्यादेत बसत नसेल तर मॅनेजरला नाही सांग, कारण द्यायची गरज नाही.

नणंदेचं सोपं आहे, एका आजारी माणसामागे एकालाच मिळतो, दोघींनी टाकून चालत नाही, आणि ३५ तास एकटीने केलेले लागतात, दोघींची बेरीज नाही चालत. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत तिचे तेवढे होणं कठीणच. पण तिचं मन दुखवू नकोस गं, ती येते म्हणून तू दोन दिवस श्वास घेतेस. तिला म्हणावं आठवड्याला वीस तास किंवा जास्त होत असतील तर केअरर्स क्रेडिट म्हणून वेगळी गोष्ट आहे, त्यात पैसे नाहीत पण पेन्शनसाठीचा नॅशनल इन्शुरन्स पडतो, ती नोकरी करत नसेल तर तिने ते जरूर बघावं.

पुण्याचं लग्न. अटेंडन्स अलाउन्स थोड्या दिवसांसाठी परदेशी गेलं तर १३ आठवड्यांपर्यंत चालू राहतो, म्हणजे सहा आठवडे सासूबाईंना काही अडचण नाही. तू त्यांच्याबरोबर, त्यांचं करायला जाणार असशील तर तुझाही चालू राहतो. त्यांना इथे नणंदेकडे ठेवून एकटी गेलीस तर मात्र तुला २६ आठवड्यांत चारच आठवडे सूट आहे, पुढचे दोन आठवडे पैसे थांबतील. दोन्ही बाबतीत जायच्या आधी कळवायचं. ऑनलाइन कळवलंस तर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढ, पत्राने कळवलंस तर फोटो काढून पोस्टाची पावती ठेव, फोनवर बोललीस तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव त्या वहीत. सासूबाई हॉस्पिटलमध्ये गेल्या तर तेही लगेच, कारण २८ दिवसांनंतर त्यांचा अलाउन्स थांबतो आणि त्यांच्यामागे तुझा. मी हे वारंवार सांगते कारण ज्या बायका अडकल्या त्यातल्या कितीतरी जणींनी फोन करून सांगितलं होतं आणि पुराव्याला हातात कागद नव्हता.

दोन गोष्टी तुझ्यासाठी नाहीत पण ज्या बाकीच्या वाचतायत त्यांच्यासाठी. तुमची आई किंवा वडील व्हिजावर आलेले असतील आणि त्यावर नो रीकोर्स टू पब्लिक फंड्स (सरकारी बेनिफिट घेता येणार नाही) असा शिक्का असेल तर त्यांच्या नावाने अर्ज टाकू नका, त्यांना तो हक्क नाही आणि व्हिजावर परिणाम होऊ शकतो, आधी इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारा. आणि आईवडील एकटे वेगळे राहत असतील, पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारं बेनिफिट) घेत असतील, तर तुम्ही केअरर्स अलाउन्स घेतल्यावर त्यांचे काही पैसे कमी होऊ शकतात, म्हणून आधी दोन्हीकडचा हिशोब एकत्र मांडून घ्या. तुझ्या सासूबाई तुमच्यातच राहतात, तुला हे लागू नाही.

आणि कौन्सिलकडे केअररचं असेसमेंट माग, म्हणजे करणाऱ्या माणसाला काय मदत लागते त्याची पाहणी. त्यांच्याकडे पैसे नाहीत, वाट बघावी लागेल, उत्तर गुळमुळीत येईल, तरी माग, तो कायद्याने तुझा हक्क आहे. कौन्सिलच्या बाई घरी येतील तेव्हा विचारतील तुम्हाला काय मदत हवी, तर काही नको, चाललंय म्हणू नकोस. म्हण की मला आठवड्यातून एक रात्र सलग झोप हवीये.

फोन उद्या सकाळी कर. वही आज रात्रीच सुरू कर, दीड वाजता उठशील तेव्हा पेन उशाशी असू दे. फॉर्ममध्ये कुठे अडलीस तर तो प्रश्न जसाच्या तसा मला लिहून पाठव.